कमी कचऱ्याचे निवृत्तिजीवन : नियोजनाची तत्त्वे आणि क्रम

संकल्पना

निवृत्तीच्या नियोजनात पेन्शन, ठेवी, आरोग्यविमा आणि राहते घर यांचा विचार होतो. पर्यावरणस्नेही नियोजन याच गोष्टींना आणखी एक कसोटी लावते : पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत या घराला किती वीज, पाणी आणि वस्तू लागतील व त्यातून किती कचरा बाहेर पडेल? हे दोन्ही हिशेब बहुतांशी एकाच दिशेने जातात. निवृत्तीनंतर उत्पन्न बेताचे राहते आणि विजेचे, इंधनाचे दर वाढत जातात. मुळात वापरच कमी लागेल अशी व्यवस्था असेल, तर दरवाढीची झळही कमी बसते.

तीन टप्पे

पैसा, वेळ आणि शारीरिक बळ ही तिन्ही साधने एकाच वयात क्वचित हाताशी असतात. पन्नाशीत पैसा असतो, वेळ नसतो. साठी ते सत्तरीच्या दरम्यान वेळ आणि बळ दोन्ही असतात. पंचाहत्तरीनंतर वेळ उरतो, पण वाकणे, उचलणे, जिना चढणे अवघड होते. म्हणून मोठ्या खर्चाची कामे नोकरीत असतानाच उरकणे, श्रमाची व सवयीची कामे निवृत्तीनंतरच्या पहिल्या दशकात रुजवणे आणि त्यांतील टिकवायची कामे पुढे दुसऱ्यांच्या मदतीने चालतील अशी बांधणी करणे, हा नियोजनाचा गाभा आहे. महाराष्ट्र शासनाचे बहुतांश कर्मचारी ५८ व्या वर्षी आणि केंद्राचे ६० व्या वर्षी निवृत्त होतात. पहिल्या टप्प्याची मुदत त्यावरून ठरते.

घराची निवड

सिमेंट, पोलाद आणि विटा तयार करताना मोठ्या प्रमाणावर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यामुळे गावाकडे नवे घर बांधण्यापेक्षा असलेल्या घराची डागडुजी करणे पर्यावरणाच्या दृष्टीने बहुधा हलके ठरते. वर्षातून महिनाभर वापरात येणारे दुसरे घर बांधकाम, देखभाल आणि ये-जा असा तिहेरी भार वाढवते. शेतात घर बांधण्याच्या बेतांना कायद्याचीही मर्यादा आहे : महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला सामान्यतः परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. दवाखाना, मंडई आणि बसथांबा पायी अंतरावर असलेले लहान घर वाहनाची गरज घटवते आणि तिसऱ्या टप्प्यातही सोयीचे राहते.

वीज

आधी वापर घटवणे आणि मग निर्मितीकडे वळणे, हा क्रम किफायतशीर आहे. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी मोटरचा पंखा सुमारे ३० वॉट. रोज १० तास चालणाऱ्या एका पंख्यामागे वर्षाला साधारण १६४ युनिट वाचतात. वापर असा खाली आला की सौर संचही लहान पुरतो. एक किलोवॉटच्या संचाला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. दोघांच्या बेताच्या वापराला ते बरेचदा पुरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती संचासाठी पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रति किलोवॉट ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट वा अधिक क्षमतेला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठेवले गेले. सदनिकाधारकाची अडचण अशी की गच्ची सर्वांची असते. तेथे सोसायटीच्या सामाईक वापरासाठी संच बसवणे हा मार्ग उरतो, आणि त्यासाठी सर्वसाधारण सभेची संमती मिळवण्यात वेळ जातो.

पाणी

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. पुण्यासारख्या सुमारे ७०० मिलिमीटर पावसाच्या शहरात ५० चौरस मीटर छतावरून, गळती वजा जाता, वर्षाला २८,००० लिटर पाणी हाती येऊ शकते. दरडोई रोज १३५ लिटर हे शहरी प्रमाण धरले तर दोघांच्या शंभर दिवसांच्या गरजेइतके हे पाणी झाले. मात्र ते चार महिन्यांत येते आणि एवढी मोठी टाकी परवडत नाही, म्हणून गाळून ते कूपनलिकेच्या पुनर्भरणासाठी जिरवणे अधिक व्यवहार्य असते. उरलेली बचत सांडपाण्याच्या पुनर्वापरातून होते. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ वाढवण्याची परसबागेतील जुनी रीत याच तत्त्वावर चालते.

ओला कचरा

भाजीची देठे, साली आणि खरकटे कचराभूमीत दडपले गेले की हवेअभावी कुजते आणि मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट मानली जाते. घरच्या खतपेटीत हवा खेळती राहिल्याने हा मार्ग टळतो. ओल्या कचऱ्यात नत्र अधिक असते आणि वाळलेल्या पानांत कर्ब अधिक. कर्ब व नत्र यांचे प्रमाण ३० ला १ च्या आसपास राहिले तर जिवाणू वेगाने काम करतात. पेटीला दुर्गंधी येणे हे ओल किंवा नत्र जास्त झाल्याचे लक्षण असते आणि पालापाचोळा वाढवणे हा त्यावर पहिला उपाय. साधारण दोन महिन्यांत खत तयार होते. ते मुरवायला कुंड्या हव्यात, म्हणून खतपेटी आणि बाग यांचे नियोजन एकत्र करावे लागते. कढीपत्ता, गवती चहा, ओवा, पुदिना यांसारख्या कमी देखभालीच्या झाडांपासून केलेली सुरुवात टिकते. पेटी कमरेच्या उंचीवर ठेवली तर पुढील वयातही ती हाताळता येते.

सुका कचरा आणि जुन्या वस्तू

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्गीकरण घालून दिले. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरी जाऊन वर्गीकृत कचरा उचलते. तिच्यामागे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचे संघटन आहे. घरी वेगळा ठेवलेला कोरडा कागद कचरावेचकाच्या उत्पन्नात भर घालतो, तोच खरकट्यात भिजला की मोल गमावतो. निवृत्तीच्या वेळी घरात साठलेल्या वस्तूंचा प्रश्न निराळा असतो. जुन्या साड्यांच्या गोधड्या, बोहारणीकडची देवघेव, भांड्यांना कल्हई, रद्दी आणि भंगार ही दुरुस्ती व पुनर्वापराची साखळी अजून पुरती तुटलेली नाही. पुस्तके, हत्यारे, फर्निचर वापरण्याजोगे असतानाच योग्य हाती देणे सोपे जाते. वारसांवर सोडलेला पसारा बहुधा घाईघाईत कचऱ्यात जातो.

औषधे आणि शुश्रूषेचा कचरा

वयाबरोबर खरेदी घटते, पण औषधांची पाकिटे, सुया आणि प्रौढांचे डायपर वाढतात. गोळ्यांच्या पाकिटात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असल्याने त्यांचा पुनर्वापर कठीण असतो. डायपरमध्ये पाणी शोषणारे बहुवारिक आणि प्लॅस्टिकचे अस्तर असते. ते खतपेटीत चालत नाही. इन्सुलिनच्या सुया, मुदत संपलेली औषधे आणि पाऱ्याचे तापमापक घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. सुया जाड, झाकणाच्या डब्यात साठवणे आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपक्याची खूण करणे, ही पुण्यातील कचरावेचकांच्या मोहिमेने पुढे आणलेली पद्धत उचलणाऱ्याच्या हातांचे रक्षण करते. नवे औषध सुरू करताना आधी थोड्या दिवसांपुरतेच घेतले तर औषध बदलल्यावर होणारी नासाडी टळते. उपचारांत काटकसर करणे मात्र या नियोजनात बसत नाही.

प्रवास

राज्य परिवहनाच्या बसमध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे. स्वतःची मोटार बाळगण्याचा खर्च यामुळे अनेकांना टाळता येतो. खरा भार विमानप्रवासाचा असतो. मुंबई ते न्यूयॉर्क आणि परत या प्रवासात प्रतिव्यक्ती सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन होते, म्हणजे सरासरी भारतीयाच्या वर्षभराच्या उत्सर्जनाइतके. मुले परदेशी असलेल्या कुटुंबांत भेटी टाळणे शक्य नसते. पण दरवर्षी तीन आठवडे जाण्याऐवजी दोन-तीन वर्षांतून एकदा चार-पाच महिने राहिल्यास सहवास कमी न होता उत्सर्जन बरेच घटते.

गुंतवणूक

ठेवलेला पैसा कोठे तरी कामाला लागतो, म्हणून तोही या हिशेबात येतो. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये पहिले हरित रोखे काढले आणि बँकांच्या हरित ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेची चौकट १ जून २०२३ पासून लागू झाली. मात्र हरित असल्यामुळे परतावा वाढत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेसारख्या ३० लाख रुपयांपर्यंतच्या सुरक्षित साधनांतून नियमित खर्चाची तरतूद झाल्यावरच उरलेल्या रकमेसाठी असा पर्याय विचारात घेणे योग्य ठरते.

देहदान आणि अंत्यविधी

एका पारंपरिक चितेला साधारण ३०० किलो किंवा त्याहून अधिक लाकूड लागते. विद्युत व वायुदाहिन्या लाकूड वाचवतात, जरी त्यांनाही ऊर्जा लागतेच. देहदानाला महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याचा आधार आहे. नेत्रदानासाठी मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. नोंदणी केली तरी अखेरचा निर्णय नातेवाइकांच्या हाती असतो, त्यामुळे इच्छापत्राइतकीच घरातील चर्चा महत्त्वाची.

मर्यादा

घरगुती उपायांचा आवाका नगरपालिकेच्या व्यवस्थेवर अवलंबून असतो. वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होत असेल तर वर्गीकरणाचे श्रम वाया जातात, आणि बस वेळेवर येत नसेल तर मोफत प्रवासाचा उपयोग नाही. भाड्याच्या घरात सौर संच किंवा पुनर्भरण करण्याचा अधिकार भाडेकरूकडे नसतो. एकट्याच्या अंगमेहनतीवर उभी केलेली खतपेटी किंवा बाग ऐंशीनंतर बंद पडते. तीच सोसायटीच्या सामाईक खर्चातून चालवली तर माणसे बदलली तरी चालू राहते. म्हणून साठीतला मोकळा वेळ घरातील उपकरणांइतकाच सोसायटीच्या बैठका, प्रभागातील तक्रारी आणि शेजारच्या तरुणांना काम शिकवणे यांत घालणे, हा नियोजनाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.