पैसे येताना पिन कशाला?

सिद्धेश्वरच्या धरणावर सहलीला गेलात, तर मुलांना एक प्रश्न जरूर विचारा. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरीचे धरण आहे. तिथून सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वरच्या जलाशयात येते. हे पाणी आत यावे म्हणून सिद्धेश्वरचे दरवाजे उघडावे लागतात का? मुले जरा विचार करतील आणि ‘नाही’ म्हणतील. दरवाजे उघडायचे ते पाणी पुढे सोडण्यासाठी. येणारे पाणी येऊन साठते.

एवढे उत्तर पक्के समजले, की मोबाइलवरून होणाऱ्या फसवणुकीचा एक मोठा प्रकार आपल्या लक्षात येतो. तो कसा, ते पाहू.

समजा, सिद्धेश्वरमधल्या एका शेतकरी बाईंनी घरच्या हळदीची पूड विकायला काढली आणि मोबाइलवर जाहिरात टाकली. दूरच्या शहरातून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. घासाघीस न करता त्याने दहा किलो पूड मागितली आणि म्हणाला, “पैसे आत्ताच पाठवतो. तुम्हाला क्यूआर कोड धाडला आहे. तो स्कॅन करा, पिन टाका, की पैसे जमा होतील.” बाईंनी पिन टाकला. पैसे आले तर नाहीतच, उलट खात्यातले दोन हजार गेले. चुकले कुठे?

यूपीआय ही पद्धत एनपीसीआय या संस्थेने २०१६ साली सुरू केली. तिच्यात पैसे देणाऱ्याच्या बाजूला दोन गोष्टी तपासल्या जातात. विनंती खात्याशी जोडलेल्याच फोनवरून आली आहे का? आणि टाकलेला पिन बरोबर आहे का? दोन्ही जुळले, की त्याच्या खात्यातून रक्कम वजा होते. मग एनपीसीआयच्या यंत्रणेमार्फत घेणाऱ्याच्या बँकेला निरोप जातो आणि तिथे रक्कम जमा होते. घेणाऱ्याला पिन विचारण्याची पाळी या प्रवासात कुठेच येत नाही. पिन म्हणजे आपल्या धरणाचा दरवाजा. तो खात्यातली शिल्लक पाहताना लागतो आणि पैसे सोडताना लागतो. काही ॲपमध्ये आता लहान रकमांसाठी पिनऐवजी बोटाचा ठसा चालतो, पण नियम तोच.

क्यूआर कोड म्हणजे तरी काय? बहुधा तो पैसे घेणाऱ्याचा पत्ता असतो. दुकानदार तो भिंतीवर लावतो आणि गिऱ्हाईक स्कॅन करते. म्हणजे जो स्कॅन करतो तो देणारा. विकणाऱ्यालाच कोणी स्कॅन करायला सांगितले, तर व्यवहार उलटा चालला आहे हे ओळखावे. पूर्वी ‘मला पैसे द्या’ अशी मागणी एका व्यक्तीला दुसऱ्या व्यक्तीकडे ॲपमधूनच पाठवता येई. भामटे तिचा असाच उपयोग करत. म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधल्या अशा मागण्या बंद करण्यात आल्या. वाट बंद झाली, तरी बोलण्यात गुंतवून पिन टाकायला लावणारे अजून आहेतच.

दुसरी युक्ती खोट्या पावतीची. गिऱ्हाईक ‘पैसे पाठवले’ असे चित्र दाखवते. किंवा ‘चुकून जास्त गेले, उरलेले परत करा’ म्हणते आणि सोबत बँकेसारखा दिसणारा संदेश येतो. इथे उपाय एकच. दुसऱ्याच्या पडद्यावर विसंबू नये. आपले खाते स्वतः उघडून शिल्लक पाहावी, मगच माल द्यावा.

विकत घेणाऱ्याची अडचण वेगळी असते. आधी पैसे द्यावेत तर माल येईल का, आणि आधी माल द्यावा तर पैसे येतील का? हा पेच जुनाच आहे. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच द्यावे लागत. पोस्टाच्या व्ही.पी.पी.मध्ये पैसे मोजल्यावरच पार्सल हाती पडे. दोन्हींत कोणीतरी तिसरा विश्वासाचा दुवा असे. अनोळखी माणसाला यूपीआयवरून थेट आगाऊ रक्कम पाठवताना असा दुवा नसतो. म्हणून शक्य तेव्हा माल हाती आल्यावर पैसे द्यावेत, आणि पाठवण्यापूर्वी पडद्यावर येणारे खातेदाराचे नाव वाचावे.

वर्गात हे शिकवण्यासाठी आम्ही एक खेळ सुचवतो. पाच मुले उभी करा: देणारा, त्याची बँक, एनपीसीआय, घेणाऱ्याची बँक आणि घेणारा. चिठ्ठ्यांवर ‘रक्कम’, ‘पत्ता’ आणि ‘पिन’ लिहा. शंभर रुपये पाठवताना कोणती चिठ्ठी कोणाकडून कोणाकडे जाते, ते मुलांनाच ठरवू द्या. शेवटी विचारा: पिनची चिठ्ठी घेणाऱ्याच्या हाती कधी आली का?

तरीही कोणी फसलेच तर? यूपीआयचा वेग इथे आपल्यावर उलटतो. गेलेली रक्कम काही सेकंदांत जमा होते आणि तिथून पुढेही पळवली जाते. म्हणून लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे आणि आपल्या बँकेलाही सांगावे. रक्कम पुढे गेलेली नसेल, तर ती त्या खात्यात रोखून धरता येते. अर्धा तास उशीर झाला, तरी हे जमेलच असे नाही.

आणि उशीर बहुधा लाजेपायी होतो. ‘घरचे काय म्हणतील’ या धास्तीने माणूस गप्प बसतो. वरच्या उदाहरणातल्या बाईंच्या घरी शाळेत जाणारे मूल असेल, तर आईने पहिल्यांदा त्यालाच सांगावे, इतका विश्वास तिला वाटला पाहिजे. ‘तुला कळत कसे नाही?’ असे न विचारता मुलाने आधी १९३० फिरवावा. आपल्या वर्गातली मुले हे करतील का? हा धडा शिकवताना आपण त्यांच्याशी कसे बोलतो, त्यावरही ते ठरेल.