परदेशी गेलेल्यांची दोन घरे आणि त्यांची राखण

माधवनगर, बुधगाव, कुपवाड, मिरज या पट्ट्यातून आखाती देशांत कामाला जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. यंत्रमागावर हात बसलेला, वेल्डिंग, वायरिंग, सुतारकाम किंवा शिवणकाम येणारा, गाडी चालवणारा तरुण सौदी, दुबई, कुवेत, कतार, ओमान इथे जातो. दोन-चार वर्षांनी इकडे घर उभे राहते, त्याला लोखंडी दरवाजा बसतो आणि खिडक्यांना जाड गज लागतात. चोराची भीती आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि तिच्यावरचा इलाजही ठरलेला आहे, तो म्हणजे कुलूप.

परदेशात राहणाऱ्याच्या बाबतीत मात्र हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, असे आमचे मत आहे. तिथे पोलिसांचा धाक मोठा असल्याने रात्री घर फोडले जाण्याची भीती तुलनेने कमी. माणूस अडचणीत येतो तो बंद दारामुळे, दुसऱ्याच्या कपाटात पडलेल्या पासपोर्टमुळे आणि कोणी तरी विश्वासाने हातात दिलेल्या पुडक्यामुळे. इकडच्या घराचे म्हणाल तर कुलूप शाबूत राहते आणि एका सहीने घर जाते. म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंनी, ज्यांचा मुलगा, भाऊ किंवा जावई बाहेर आहे त्यांनी, या दोन्ही घरांचा विचार एकत्रच करावा.

बंद दार

१२ जून २०२४ च्या पहाटे कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली. सुमारे ५० माणसे दगावली, त्यांपैकी ४५ भारतीय होते. आग तळमजल्यावर पहारेकऱ्याच्या खोलीत विजेच्या शॉर्टसर्किटने लागली, असे तिथल्या अग्निशमन दलाने सांगितले. अनेक जण धुराने गुदमरून गेले. जिन्यातून धूर वर चढत होता आणि जे छताकडे धावले त्यांना छताचे दार कुलूपबंद मिळाले, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये, रमजानच्या महिन्यात, दुबईच्या देरा भागात मसाल्यांच्या बाजाराजवळील अल रास येथे एका इमारतीत १६ जण मरण पावले, त्यांतही भारतीय होते. इमारतीत सुरक्षेच्या नियमांचे पालन झाले नव्हते, असे तिथल्या नागरी संरक्षण खात्याने म्हटले होते.

या घटनांतून आपल्या कारागिरांना एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळायला हवी, कारण जाळ्या आणि दरवाजे बनवणारे हात आपलेच आहेत. चारही बाजूंनी भिंतीत पक्की वेल्ड केलेली जाळी चोराला बाहेर ठेवते, तशी ती घरच्या माणसाला आत ठेवते. प्रत्येक मजल्यावर निदान एका खिडकीच्या जाळीत बिजागरीचा पल्ला असावा, त्याची कडी आतून असावी आणि कुलूप लावायचेच असेल तर किल्ली हाताच्या अंतरावर खिळ्याला टांगलेली असावी. ही किल्ली कपाटात किंवा घरमालकाकडे असून चालत नाही. खर्च थोडा वाढतो. गिऱ्हाईक नको म्हणाले तरी कारागिराने त्याला एकदा सांगावे. इकडे माधवनगरात बांधल्या जाणाऱ्या घरालाही हे लागू आहे. घरात म्हातारे आई-वडील आणि मुले असतात आणि गॅसची शेगडी नेमकी दाराशेजारी असते.

तिकडे नवीन खोलीत गेल्यावर सामान उघडण्याआधी खाली-वर एक फेरी मारावी. दुसरा जिना आहे का? छताचे दार उघडते का? कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे? जिन्यात गाद्या, सायकली, खोकी पडली आहेत का? एका खोलीच्या प्लायवुडच्या चार खोल्या केल्या असतील तर भाडे कमी पडते हे खरे, पण तिथे आग मिनिटांत पसरते. शिवाय हे बेकायदा असते. दुबई पालिकेने २०२५ मध्ये अशा पार्टिशनविरुद्ध मोहीमच काढली आणि माणसांना ऐन वेळी दुसरा निवारा शोधावा लागला. स्वस्त पलंग असा महाग पडतो.

थंडीच्या दिवसांत आणखी एक जीवघेणी सवय दिसते. वाळवंटातली थंडी आपल्याकडच्या पोरांना माहीत नसते. बाहेर कोळशावर मांस भाजायचे, मग निखाऱ्यांची तीच शेगडी उबेसाठी खोलीत आणायची आणि दारे-खिडक्या लावून झोपायचे, असे होते. कोळशाच्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठत नाही. रात्री झोपण्यापूर्वी आग विझवा ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे, ती इथे शब्दशः पाळायची आहे. बॅटरीवर चालणारी सायकल किंवा स्कूटर दाराजवळ रात्रभर चार्जिंगला लावणे हेही त्याच जातीचे. ती पेटली तर बाहेर पडायची वाटच पेटते.

धूर दिसला की लिफ्टकडे जाऊ नये, खाली वाकून जिन्याने निघावे आणि मागे दार ओढून घ्यावे. सामानासाठी परत फिरू नये. फोन कुठे करायचा हे आधीच ठाऊक हवे, आणि इथे एक मोठी गंमत, खरे तर धोका, आहे. अमिरातीत अग्निशमनाचा नंबर ९९७ आणि रुग्णवाहिकेचा ९९८, तर सौदीत नेमके उलटे, आगीसाठी ९९८ आणि रुग्णवाहिकेसाठी ९९७. पोलिसांचा नंबर दोन्हीकडे ९९९. रियाध, मक्का आणि पूर्व प्रांतात ९११ हा एकच नंबर चालतो. कुवेतमध्ये सर्वांसाठी ११२, कतार व बहारीनमध्ये ९९९, ओमानमध्ये ९९९९. एका देशातून दुसऱ्या देशात काम बदलणाऱ्याने जुना नंबर डोक्यातून पुसून टाकावा.

कागद कोणाच्या हातात

पासपोर्ट मालकाकडे ठेवायचा असतो, अशी समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की जाणारा स्वतःच तो पुढे करतो. सौदी, अमिराती, कतार, कुवेत या देशांत मालकाने कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणे नियमाबाहेर आहे. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. हे भांडून नव्हे, नम्रपणे सांगावे, आणि तरीही ऐकले नाही तर दूतावासाला कळवावे. इकामा अथवा तिथले ओळखपत्र मात्र सदैव खिशात हवे.

यात आमच्या पिढीने पाहिलेला एक मोठा दाखला आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. दीड लाखाहून अधिक भारतीय तिथे होते. अनेक जण मिळेल त्या वाहनाने जॉर्डनमध्ये पोचले आणि एअर इंडियाने अम्मानहून ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून लाखाहून अधिक माणसे परत आणली. माणसे आली, पण दुकाने, पगार, सामान तिथेच राहिले. पुढे संयुक्त राष्ट्रांनी भरपाईसाठी आयोग नेमला. नुसते निघून यावे लागले म्हणून एकट्या माणसाला अडीच हजार डॉलर आणि कुटुंबाला पाच हजार डॉलर अशी रक्कम ठरली. आणखी कोणताही दावा करणार नाही असे लिहून देणाऱ्यास चार हजार आणि आठ हजार. त्याहून मोठ्या नुकसानीचे दावे वेगळे होते, आणि तिथे माल किती होता, पगार किती होता हे दाखवावे लागे. या आयोगाचे काम २०२२ पर्यंत चालले. ज्याच्या ट्रंकेत करारनामा, पगाराची चिठ्ठी, दुकानाचा परवाना होता त्याचे बोलणे सोपे झाले. ज्याने घाईत कपडे उचलले आणि कागद टाकले, त्याला आपणच तिथे होतो हे पटवत बसावे लागले.

कागद केवळ युद्धात जातात असे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा सांगलीकरांच्या तळमजल्यावरच्या कपाटांतले खतपत्र, शाळेचे दाखले, पासबुके यांचा लगदा झाला. म्हणून पासपोर्ट, व्हिसा, इकामा, करारनामा, विमा या सर्वांच्या प्रती तीन ठिकाणी असाव्यात: एक तिकडे बॅगेत, एक इकडे घरी वरच्या मजल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि एक फोनच्या बाहेर कुठेतरी, म्हणजे ई-मेलमध्ये किंवा डिजिलॉकरमध्ये. फोन हरवला की फोटोही हरवतात, हे विसरले जाते. पासपोर्ट खरोखर गहाळ झाला तर आधी तिथल्या पोलिसांची नोंद घ्यावी, मग दूतावासात जावे. हातात जुन्या पासपोर्टची प्रत असेल तर काम लवकर होते.

विम्याबद्दल दोन शब्द. दहावी न झालेल्या, म्हणजे ज्यांच्या पासपोर्टवर परदेशगमन परवानगीची अट आहे अशा कामगारांना, आखातात जाताना ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ सक्तीची आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये मिळतात. २०१७ मध्ये ठरलेला हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, म्हणजे एका दिवसाच्या मजुरीहूनही कमी. पण पॉलिसी काढली आहे हे घरी कोणालाच माहीत नसते. पॉलिसीचा नंबर बायकोला किंवा आईला लिहून द्यावा. व्हिजिट व्हिसावर जाऊन काम धरणाऱ्याला या सगळ्याचा लाभ मिळत नाही, आणि कमी पैशात पाठवतो म्हणणारे एजंट नेमका हाच रस्ता दाखवतात.

पुडके

जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक जोडपे कतारला निघाले. नात्यातल्या बाईने त्यांच्या हाती एक पुडके दिले. दोहा विमानतळावर त्यात चार किलो चरस निघाला. दोघांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली, बाईंना बाळ झाले तेही तुरुंगात. इकडे तपास झाला, खटला पुन्हा चालला आणि २०२१ मध्ये ती निर्दोष सुटून घरी आली. जवळच्या नातलगाचे पुडके होते, हे लक्षात घ्यावे.

आपल्याकडे कोणी निघाले की गल्लीतून डबे येतात, लोणचे, चटणी, लाडू, औषधे. नाही म्हणणे जड जाते. तरी एकच नियम ठेवावा: जे स्वतः भरले नाही ते बॅगेत घालायचे नाही, आणि द्यायचेच असेल तर देणाऱ्यासमोर उघडून. खसखस तर मुळीच नको. आपल्या स्वयंपाकघरातली ही साधी वस्तू सौदी, अमिराती आणि कतारमध्ये बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. खोकल्याच्या व दुखण्याच्या काही गोळ्यांचेही तसेच. औषधाबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी न्यावी आणि आधी त्या देशाची यादी पाहावी.

इकडचे घर

घर बंद ठेवून सर्वच जण गेले असतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे आणि शेजाऱ्याकडे एक किल्ली द्यावी. बंद घराचा चोरीविमा काढला असेल तर पॉलिसीतील ‘घर किती दिवस रिकामे चालते’ हे कलम वाचावे व कंपनीला लेखी कळवावे, नाहीतर हप्ते भरूनही दावा अडतो. भाड्याने द्यायचे तर लिव्ह-लायसेन्सचा करार नोंदवूनच. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले म्हणजे निश्चिंत, असेही नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे आग, चोरी किंवा बँकेच्या नोकराची लबाडी यात बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच आहे. भाडे दोन हजार असेल तर दोन लाख. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेची हयगय नसेल तर, तेवढेही नाही. सांगलीत राहून हे वाक्य दोनदा वाचावे. तोळ्याचा आजचा भाव प्रत्येकाला माहीत आहे, तेव्हा दागिन्यांचा स्वतंत्र विमा काढणे हा साधा व्यापारी हिशेब आहे.

परदेशी गेल्यावर साधे बचत खाते चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावे आणि तिकडची कमाई एनआरई खात्यात घ्यावी. खात्याला व लॉकरला नॉमिनी नेमावा. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो अमानतदार असतो. त्याने रक्कम घेऊन शरियतप्रमाणे वारसांना त्यांचे हिस्से द्यायचे असतात. हे घरात आधीच बोलून ठेवले तर पुढची भांडणे टळतात. हुंडीने पैसे पाठवणारे चार पैसे वाचवतात, पण ते बेकायदा आहे आणि मधल्या माणसाने हात वर केले तर फिर्याद कोणाकडे नेणार?

आता सही. भावाला किंवा मेहुण्याला मुखत्यारपत्र देताना ‘सर्व अधिकार’ असे लिहून देऊ नये. वीजबिल, भाडेवसुली, बँकेचा अमुक व्यवहार, असे काम नेमून द्यावे आणि विक्रीचा अधिकार खरोखर विकायचे असेल तेव्हाच द्यावा. विश्वास नाही म्हणून नव्हे. आपल्या सहीचा कागद भावाच्या हातून तिसऱ्याकडे जाऊ शकतो म्हणून. तिकडे भारतीय वकिलातीत केलेले मुखत्यारपत्र इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरून घ्यावे लागते. काम संपले की ते लेखी रद्द करावे आणि रद्द केल्याची प्रत बँकेला व दुय्यम निबंधक कार्यालयाला द्यावी. जमिनीचा सातबारा आणि घराचे मालमत्ता पत्रक आता सरकारी संकेतस्थळावर फोनवरूनही पाहता येते. रियाधच्या किंवा शारजाच्या खोलीत बसलेल्या माणसाने दर महिन्याला पगाराच्या दिवशी ते उघडून नावाच्या रकान्यात आपलेच नाव आहे ना, एवढे पाहून घ्यावे.