साठेखतातील क्रियापद

स्थावर मिळकतीच्या व्यवहारात आपल्याकडे बहुधा दोन खते होतात; आधी साठेखत आणि मग खरेदीखत. दोहोंत मिळकत तीच, चतुःसीमा त्याच, ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हे पक्षही तेच. भेद असतो तो क्रियापदाचा. साठेखतात मालक म्हणतो, ‘खरेदीखत करून देईन’; खरेदीखतात तो म्हणतो, ‘कायम खरेदी दिली आहे’. भविष्यकाळ आणि भूतकाळ यांमधील हे अंतर व्याकरणाच्या दृष्टीने एका प्रत्ययाचे असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते फार मोठे आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ५४ वे कलम स्पष्ट सांगते की, विक्रीच्या कराराने मिळकतीत कोणताही हितसंबंध आपोआप निर्माण होत नाही.

ऑक्स्फर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असा विचार मांडला की, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत. त्यांचा उच्चार हीच कृती असते. ही दृष्टी स्वीकारली तर आपली दोन्ही खते कृतिरूपच ठरतात, पण कृती निराळ्या. खरेदीखत जमीन हलविते. साठेखत फक्त माणसाला बांधते. (जाता जाता एक गंमत नोंदवावीशी वाटते. सही विकणाऱ्याची, बोलणारा विकणारा, आणि मराठीत दस्ताचे नाव मात्र विकत घेणाऱ्याच्या बाजूने पडले आहे : ‘खरेदी’खत!)

मग बांधलेला माणूस फिरला तर काय करावयाचे? सामान्यतः करारभंगावरचा उपाय म्हणजे नुकसानभरपाई. परंतु एका जमिनीच्या तुकड्याची बरोबरी दुसरा करू शकत नाही, आणि म्हणून पैशाने ते नुकसान भरून येत नाही, अशी भूमिका इंग्लंडातील चॅन्सरी न्यायालयाने घेतली. ती १८७७ च्या आणि पुढे १९६३ च्या अधिनियमाने आपल्याकडे रूढ झाली. यालाच कराराची विनिर्दिष्ट पूर्ती म्हणतात. प्रतिवादीने पैसे देऊन सुटू नये, बोलला तेच करून द्यावे, असा तिचा आशय. मात्र हा उपाय दीर्घकाळ न्यायालयाच्या विवेकाधीन होता. २०१८ च्या दुरुस्तीने १० व्या कलमातील ‘करता येईल’ या अर्थाची शब्दयोजना जाऊन ‘केली जाईल’ अशी आज्ञार्थक रचना आली, आणि २० व्या कलमातील विवेकाधिकारही गेला. जुन्या व्यवहारांना ही दुरुस्ती कितपत लागू, हा वाद निराळा. एका सहायक क्रियापदाने न्यायाधीशाच्या अधिकाराचे स्वरूप पालटले, एवढेच येथे पाहावयाचे.

भाषेच्या अभ्यासकाला याहून उद्बोधक वाटावा असा भाग १६ व्या कलमात आहे. दुसऱ्याने शब्द पाळावा असे मागणाऱ्याने स्वतः आपला शब्द पाळण्यास आपण सतत ‘तयार व राजी’ होतो, हे दाखविले पाहिजे. ही जोडी म्हणजे दस्तऐवजी भाषेला आवडणारी नुसती द्विरुक्ती नव्हे. ‘तयार’ म्हणजे ऐपतीने तयार : पैसा उभा करण्याची शक्ती. ‘राजी’ म्हणजे मनाने राजी, आणि मन वर्तनावरून ओळखावयाचे. पैसा आहे पण टाळाटाळ चालली आहे, असा वादी राजी नव्हे. उत्सुक आहे पण कफल्लक आहे, तो तयार नव्हे. न्यायालयाने सांगितल्याखेरीज रक्कम प्रत्यक्ष भरण्याची मात्र आवश्यकता नाही. ही तयारी करारापासून सुनावणीपर्यंत अखंड असली पाहिजे, असे प्रिव्ही कौन्सिलने मुंबईहून गेलेल्या आर्देशीर मामा विरुद्ध फ्लोरा सासून या प्रकरणात १९२८ मध्ये म्हटले होते.

२०१८ पूर्वी हे केवळ सिद्ध करून भागत नसे. दाव्यात तसे ‘कथन’ही करावे लागे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या परिशिष्टातील ४७ व ४८ क्रमांकांचे नमुने त्यासाठी प्रमाण मानले जात, आणि १९६९ मध्ये उसेफ वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नमुन्यांवर भर दिला. त्यामुळे अर्जलेखकाच्या हातून एक वाक्य गळाले तर खरा खरेदीदारही संकटात येई. १९९९ मध्ये सय्यद दस्तगीर प्रकरणात त्याच न्यायालयाने शब्दांच्या साच्यापेक्षा दाव्याचा आशय पाहावा, अशी उदार भूमिका घेतली. आम्हांस ती अधिक शास्त्रशुद्ध वाटते. मंत्राप्रमाणे उच्चारलेल्या सूत्राने राजीपणा सिद्ध होत नाही आणि ते न उच्चारल्याने तो नाहीसाही होत नाही. कलमातून ‘कथन’ वगळले गेले हे योग्यच झाले.

तथापि क्रियापदाकडे दुर्लक्ष करणे आजही महागात पडते. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी आयुष्याची पुंजी घालून जमिनीचे साठेखत केले. सहा महिन्यांत खरेदीखत करून देण्याचे ठरले होते. त्यात पुढे ‘आता या जमिनीवर माझा काही हक्क राहिला नाही’ असेही मालकाने लिहिले होते. त्या एका वाक्यावर विसंबून आपण मालक झालो, असे गृहस्थ समजले आणि ‘पुढच्या महिन्यात करू’ या तोंडी उत्तरावर साडेचार वर्षे थांबले. पण १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील ५४ व्या अनुच्छेदाप्रमाणे पूर्ततेची तारीख ठरलेली असल्यास दाव्याची मुदत त्या तारखेपासून ३ वर्षे. ती ठरलेली नसेल तरच नकार कळल्यापासून. वकिलांनी कागद वाचून पहिला प्रश्न विचारला तो तारखेविषयी. पुढे विचारण्याजोगे फारसे उरले नाही.

दावा जिंकला तरी हुकूमनाम्याने जमीन लगेच येत नाही. ठरलेल्या मुदतीत वादीने पैसे भरले नाहीत, तर २८ व्या कलमाखाली करारच रद्द होऊ शकतो. पैसे भरूनही प्रतिवादी सही करीत नसेल, तर संहितेच्या २१ व्या आदेशातील ३४ वा नियम लागू होतो. वादी खताचा मसुदा न्यायालयात सादर करतो, तो प्रतिवादीवर बजावून त्याच्या हरकती लेखी मागविल्या जातात, आणि मसुदा मंजूर झाल्यावर न्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी सही करतो. सही कशी करावयाची याचे शब्दही नियमाने दिले आहेत : अमुक न्यायालयाचे न्यायाधीश, अमुक याच्याकरिता, अमुक याने अमुकाविरुद्ध केलेल्या दाव्यात. खतातील ‘मी’ प्रतिवादीचा, हात न्यायालयाचा. आणि परिणाम मात्र त्याने स्वतः सही केल्यासारखाच. ‘देईन’ म्हणून मागे फिरलेल्या माणसाच्या नावाने दुसऱ्याने ‘दिली’ असे लिहावयाचे, आणि त्या खताची नोंदणी झाली म्हणजे जमीन हलते.