नर्मदाकाठची सायकलवाट

डोंगरी सायकल हे वाहन फार जुने नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मॅरिन नावाच्या परगण्यात, १९७० नंतरच्या दशकात काही तरुणांनी जाड चाकांच्या जुन्या सायकली डुगडुगत्या टेकड्यांवरून खाली सोडण्यास प्रारंभ केला. पुढे त्यांना मजबूत ब्रेक आले, चढ चढण्यासाठी अनेक गिअर आले, आणि जेथे सडक संपते तेथे सायकलीनेही थांबावे, हा जुना नियम मोडला. या सायकलीला सडक लागत नाही; पाऊलवाट पुरते. परंतु पाऊलवाट ही कोणाची असते? प्रश्न साधा दिसला तरी त्याचे उत्तर देशोदेशी निराळे आहे.

इंग्लंडमध्ये हे उत्तर कायद्याने दिले आहे. तेथील नद्यांच्या खोऱ्यांतून, शेतांच्या बांधांवरून आणि कुरणांमधून शेकडो वर्षांच्या पायवाटा व घोडेवाटा जातात. १९४९ च्या कायद्याने या वाटा नकाशावर नोंदवण्याचे काम परगण्यांच्या मंडळांकडे आले, आणि १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवरून सायकल नेण्याचा हक्क नागरिकांना मिळाला. मात्र त्या हक्काला एक अट जोडलेली आहे. सायकलस्वाराने पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावयाची. म्हणजे वाटेवर जो नवा आला, त्याने जुन्याचा मान राखावयाचा.

जबलपूरच्या परिसरात अशी जुनी वाट आहे, ती नर्मदेच्या काठची. तिला कायद्याहून रूढीचा आधार अधिक आहे. अमरकंटकला उगम पावून १३१२ किलोमीटर वाहत खंबातच्या आखाताला मिळणाऱ्या या नदीला लोक पायी प्रदक्षिणा घालतात. परंपरेने या परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. नदी सदैव उजव्या हाताला ठेवावयाची, तिचे पात्र कोठेही ओलांडावयाचे नाही, आणि चातुर्मासात एके ठिकाणी मुक्काम करावयाचा, हे तिचे नियम. शेताच्या कडेने, घाटाच्या पायऱ्यांवरून, गावाच्या ओट्यापाशी ही वाट कोणी अडवीत नाही. उलट ठिकठिकाणी परिक्रमावासीयांना सदावर्त मिळते. महाराष्ट्रालाही ही वाट परकी नाही. गो. नी. दांडेकर तिच्यावरून चालले होते, आणि आजही अनेक मराठी माणसे दरवर्षी या परिक्रमेला निघतात.

या वाटेवर आता सायकलीही दिसू लागल्या आहेत. तेव्हा जबलपूरपासून भेडाघाटापर्यंतचा पट्टा सायकलस्वाराला काय दाखवितो, आणि त्याच्याकडून काय अपेक्षितो, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

पहिली गोष्ट दिशेची. जबलपूर शहर नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे. ग्वारीघाटावरून निघून प्रवाहाबरोबर तिलवाराघाट, लम्हेटाघाट आणि भेडाघाट असे जाणाऱ्याच्या डाव्या हाताला नदी राहते. परिक्रमावासी उत्तर तीरावरून येतो तो उगमाकडे तोंड करून. नदी त्याच्या उजव्या हाताला असते. म्हणून ग्वारीघाटाहून निघालेल्या सायकलस्वाराला यात्रेकरू समोरून भेटतात. दोघे एकमेकांना दुरून पाहू शकतात, आणि स्वाराला वेळीच उतरून बाजूला होता येते. भेडाघाटाहून उलट यावयाचे असेल, तर यात्रेकरूंची पाठ दिसते. अशा वेळी अचानक घंटी वाजवून वृद्ध माणसाला दचकविण्यापेक्षा दुरूनच ‘नर्मदे हर’ म्हणावे. या वाटेवरचे नमस्काराचे आणि जागा मागण्याचे शब्द तेच आहेत.

ग्वारीघाटाला नदी रुंद आणि संथ आहे. तेथून तिलवाराघाटापर्यंतच्या प्रदेशात गाळाची माती अधिक. नागपूरहून येणारा महामार्ग तिलवाऱ्यापाशी नर्मदा ओलांडतो. १९३९ च्या मार्च महिन्यात काँग्रेसचे त्रिपुरी अधिवेशन याच परिसरात भरले होते. सुभाषचंद्र बोस त्या वर्षी निवडणूक जिंकून अध्यक्ष झाले होते. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचे विसर्जनही तिलवाराघाटावर झाले.

लम्हेटाघाटापाशी जमिनीचे रूप पालटते. चाकाखाली माती जाऊन खडक येतो. भूशास्त्रात ‘लॅमेटा’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या खडकांच्या थराला नाव मिळाले ते या घाटावरून. चुनखडी आणि वालुकामय खडकांचा हा थर काळ्या पाषाणाच्या खाली सापडतो. हा काळा पाषाण म्हणजे सह्याद्रीचाच सोयरा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याने दख्खनवर जे थर रचले, त्यांचीच ही उत्तरेकडील कड. लाव्हा येण्यापूर्वी या भूमीवर प्रचंड सरडेवर्गीय प्राणी वावरत होते. कॅप्टन विल्यम स्लीमन यांना त्यांची हाडे १८२८ साली जबलपूरच्याच एका टेकडीत मिळाली. त्या वेळी ‘डायनोसॉर’ हा शब्दही जन्माला आला नव्हता; तो रूढ झाला १८४२ नंतर.

पुढे भेडाघाट. धुवांधार धबधब्याजवळ उडणाऱ्या तुषारांनी दगड सदैव ओला राहतो. पाण्याने गुळगुळीत केलेल्या त्या संगमरवरावर रबरी चाकाची पकड टिकत नाही. येथे सायकल हाती धरूनच चालावे. धबधब्याखाली नदी संगमरवराच्या चिंचोळ्या घळईत शिरते, आणि सुमारे शंभर फूट उंचीचे पांढरे कडे दोन्ही बाजूंना उभे राहतात. जवळच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर आहे. ते कलचुरी राजांच्या काळातील, दहाव्या शतकातले. भेडाघाट आणि लम्हेटाघाट यांचा २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला.

परतीसाठी तेवरचा डांबरी रस्ता सोईचा. आजचे तेवर खेडे म्हणजेच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. शहराजवळ मदनमहालच्या टेकड्या लागतात. तेथील ग्रॅनाइटच्या शिळा एकमेकींवर अशा रचल्या आहेत की आता कोसळतील असे वाटावे. त्यांपैकी एक तोल सावरून उभी असलेली शिळा २२ मे १९९७ च्या भूकंपातही हलली नाही. त्या भूकंपाची तीव्रता ५.८ होती, आणि शहरातील अनेक घरे पडली होती.

परंतु खडक टिकतो म्हणून वाट टिकते असे नाही. नदीकाठची गाळाची माती मऊ असते. उतारावर मागचे चाक जाम करून सायकल घसरविली, की मातीत सरी पडते. पावसाचे पाणी तीच सरी धरून वाहू लागते. दोन-तीन पावसाळ्यांत सरीची घळ होते, आणि अनवाणी चालणाऱ्या यात्रेकरूला शेतातून वळसा घ्यावा लागतो. वळसा पडला की पीक तुडविले जाते, आणि आजवर वाट न अडविणारा शेतकरी कुंपण घालतो. काळ्या मातीचेही तसेच. ती ओली असता चाकाला लगद्यासारखी चिकटते. स्वाराची गती संपते आणि जमिनीवर खोल चाकोरी उरते. म्हणून पावसाळा संपून माती सुकेपर्यंत सायकल या वाटेवर आणू नये. परिक्रमावासीयही त्या काळात थांबलेलेच असतात. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ दोघांनाही मानवतो. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत, चाक फिरते ठेवावे, आणि उतार फार तीव्र असेल तर खाली उतरावे.

वाट नाहीशी होऊ शकते, ही केवळ शंका नव्हे. जबलपूरचे चित्रकार व लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ साली आपल्या परिक्रमेला प्रारंभ केला, तो जबलपूरहून मंडल्याच्या दिशेने. पुढे १९९० मध्ये बर्गीचे धरण पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाने १६२ गावे बाधित झाली. वेगड ज्या काठाने चालले होते, त्या काठाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्यांच्या पुस्तकांतून आणि रेखाचित्रांतून तो पाहावयास मिळतो. धरणाने वीज आणि सिंचन दिले, हे खरे. पण यात्रेकरूला आता जलाशयाला दूरचा वळसा घालावा लागतो, आणि काठाने जोडलेली ती गावे पुन्हा त्याच क्रमाने जोडता येणार नाहीत.

ग्वारीघाट ते भेडाघाट हा टापू अद्याप उघडा आहे. त्यावर चालणाऱ्याला भाडे नाही, परवाना नाही आणि फाटकही नाही. शेतकऱ्याने कुंपण न घालणे, गावाने पाणी देणे आणि जाणाऱ्याने जागा राखून जाणे, एवढ्या तीन गोष्टींवर ती उघडी राहिली आहे. पहिल्या दोन गोष्टी काठावरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली. तिसरी आता सायकलस्वाराकडे आली आहे.