न्यायासनासाठी मतांचा जोगवा

३० मार्च २०२५. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ग्रीन बे शहरात इलॉन मस्क व्यासपीठावर आले ते चीजच्या तुकड्यासारखी दिसणारी पिवळी टोपी घालून. तिथल्या फुटबॉल संघाचे चाहते अशीच टोपी मिरवतात. मस्क यांनी ती गर्दीत भिरकावली आणि दोन मतदारांना प्रत्येकी दहा लाख डॉलरचे धनादेश दिले. हा प्रचार ना राज्यपालपदाचा होता, ना आमदारकीचा. दोन दिवसांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका न्यायाधीशपदासाठी मतदान होणार होते.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतंत्र राज्यघटना आहे आणि स्वतःचे सर्वोच्च न्यायालयही. वॉशिंग्टनमधल्या केंद्रीय सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती राष्ट्राध्यक्ष निवडतात, सिनेट त्यावर शिक्कामोर्तब करते. राज्यांची तऱ्हा निराळी. ५० पैकी ३८ राज्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना कधी ना कधी मतदारांपुढे उभे राहावेच लागते. काही राज्यांत ते पक्षाच्या चिन्हाखाली लढतात, काही ठिकाणी मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. मिसुरी राज्याने १९४० मध्ये तिसरी वाट काढली: आधी नेमणूक, मग ठरावीक काळाने मतदारांना एकच प्रश्न, ‘यांना पदावर ठेवायचे का?’

सुरुवात सुधारणेची

हा सगळा खुळेपणा म्हणून सोडून देता येणार नाही. सर्व न्यायाधीश निवडून देण्याची पद्धत प्रथम १८३२ मध्ये मिसिसिपीने स्वीकारली. १८४६ मध्ये न्यूयॉर्कने तीच वाट धरली आणि मग अनेक राज्ये त्या मार्गाने गेली. तोवर राज्यपाल आणि विधिमंडळे आपल्या मर्जीतल्या माणसांना न्यायासनावर बसवत. ज्याने नेमले त्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा कसा? तेव्हाच्या सुधारकांचे उत्तर सरळ होते: न्यायाधीशाला सत्ताधाऱ्यांच्या मिंधेपणातून सोडवा, त्याला थेट जनतेकडून अधिकार मिळू द्या. हेतू स्वच्छ होता. पण त्या वाटेने मिंधेपण गेले नाही. ते दुसऱ्या दारांनी आत शिरले.

उपकाराचे ओझे

पहिले दार पैशाचे. २००२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या ज्यूरीने मॅसी या बलाढ्य कोळसा कंपनीला पाच कोटी डॉलरची भरपाई द्यायला सांगितले. ह्यू कॅपर्टन या छोट्या खाणमालकाचा धंदा मॅसीने बुडवला, असा तो खटला. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार हे उघड होते. २००४ मध्ये त्या न्यायालयाची निवडणूक आली, तेव्हा मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन यांच्या विजयासाठी सुमारे तीस लाख डॉलर ओतले. बेंजामिन यांच्या बाकी सगळ्या समर्थकांचा खर्च एकत्र केला तरी तो याहून कमी होता. यातला बराच पैसा ‘लेकरांच्या भल्यासाठी’ अशा अर्थाचे नाव धारण केलेल्या एका गटामार्फत प्रतिस्पर्ध्याला झोडपण्यात गेला.

बेंजामिन निवडून आले. या खटल्यातून त्यांनी बाजूला व्हावे ही कॅपर्टन यांची विनंती त्यांनी फेटाळली आणि २००७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी भरपाई रद्द झाली. तीनपैकी एक मत बेंजामिन यांचे. २००९ मध्ये केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले, की अशा स्थितीत बेंजामिन यांनी बाजूला होणे घटनेनुसार आवश्यकच होते. पुढे त्यांना वगळून फेरसुनावणी झाली, तेव्हाही कॅपर्टन हरलेच. म्हणजे निकाल कायद्याला धरून असेलही. पण ज्याच्या निवडीचा खर्च समोरच्या पक्षकाराने उचलला, त्याच्या हातून मिळालेला न्याय कोण डोळे मिटून मानेल?

भीतीचे ओझे

दुसरे दार भीतीचे. एप्रिल २००९ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला एकमताने मान्यता दिली. पुढच्याच वर्षी सातपैकी तीन न्यायाधीशांचा ‘ठेवायचे का’ हा कौल होता. तिघांविरुद्ध जोरदार मोहीम झाली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये तिघेही घरी गेले. त्यांच्यावर ना लाचेचा आरोप होता, ना कामचुकारपणाचा. निकाल पटला नाही, एवढाच त्यांचा दोष. असे पाहिल्यावर इतर न्यायाधीशांच्या मनात काय येईल? पेन्सिल्व्हेनियातल्या निकालांच्या अभ्यासात आढळले, की पुढचा कौल जवळ येतो तसतशा खालच्या न्यायालयांतल्या शिक्षा कडक होत जातात. गुन्हा तोच, फक्त तारीख वेगळी.

विस्कॉन्सिनमध्ये ही दोन्ही ओझी एकत्र दिसतात. तिथे सात न्यायाधीश, दहा वर्षांची मुदत. २०२३ च्या निवडणुकीने न्यायालयातले बहुमत पालटले आणि त्याच वर्षाअखेर चार विरुद्ध तीन मतांनी राज्य विधिमंडळाच्या मतदारसंघांचे नकाशे रद्द झाले. एका खुर्चीवर एवढे अवलंबून असेल, तर पैसा येणारच. २०२५ च्या लढतीत दोन्ही बाजूंचा खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात गेला. मस्क आणि त्यांच्याशी संबंधित गटांनी उमेदवार ब्रॅड शिमेल यांच्यासाठी दोन कोटींहून अधिक डॉलर लावले. मस्क यांच्या टेस्ला कंपनीचा विक्री दालनांच्या परवान्याबाबतचा दावा त्याच राज्याच्या न्यायालयात होता. दुसऱ्या बाजूलाही अब्जाधीश होतेच. शिमेल यांच्या प्रतिस्पर्धी सुझन क्रॉफर्ड सुमारे दहा टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या.

मग नेमायचे कसे?

नेमणुकीची पद्धतही निर्दोष नाही, हे आपण जाणतो. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी ब्रिटनमधली सरकारी नेमणूक आणि अमेरिकेतली सिनेटची संमती या दोन्हींचे धोके दाखवून मधला मार्ग मांडला. आज आपल्याकडे न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात. ती व्यवस्था बदलू पाहणारा राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. बंद दाराआडच्या या निवडीवरही आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत.

माझ्या मते कळीचा प्रश्न न्यायाधीश कुणी निवडला हा नाहीच. त्याला पुन्हा कुणाच्या दारात जावे लागते, हा आहे. ज्याला पुन्हा मते मागायची आहेत, पुन्हा देणग्या गोळा करायच्या आहेत किंवा निवृत्तीनंतर सरकारकडून पद हवे आहे, तो स्वतंत्र राहू शकतो, पण केवळ स्वतःच्या मनोबलावर. न्यायव्यवस्था अशा मनोबलाच्या भरवशावर सोडता येत नाही. म्हणून एकच दीर्घ मुदत, तीही फेरनिवडीशिवाय. देणगीदाराच्या खटल्यातून सक्तीने बाजूला होण्याचा नियम. आणि ‘बाजूला व्हायचे की नाही’ हे ठरवण्याचा अधिकार त्या न्यायाधीशाकडे नव्हे, इतरांकडे. बहुमताला न रुचणारा निकाल देऊनही ज्याला दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे कामावर जाता येते, त्याच्याच न्यायालयात दुबळ्या माणसाला दाद मागण्याची हिंमत होते.