पाटे कमी, हादरे कमी?

१९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीच्या चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. २०१० च्या महिंद्रा थारने पुढे टॉर्शन बार घेतला, मागे मात्र पाटेच ठेवले. ओझ्यासाठी ही रचना दणकट. पण रिकामी गाडी प्रत्येक गतिरोधकावर उडते.

दोष नुसत्या कडकपणाचा नाही. पाटे एकमेकांवर घासतात. लहान खड्ड्याचा धक्का हे घर्षण मोडू शकला नाही, तर स्प्रिंग हलतच नाही आणि तो थेट पाठीत बसतो.

आधी हवा : टायर थंड असताना कंपनीने सांगितलेला दाब तपासावा. यात खर्च जवळजवळ शून्य.

मग पाटे : गंज काढणे आणि झिजलेले बुश बदलणे, एवढ्यानेही फरक पडतो. एकसारख्या पाच पाट्यांपैकी एक काढला तर कडकपणा साधारण एक पंचमांशाने घटतो. पण गाडी खाली बसते, उरलेल्यांवरचा ताण वाढतो. चेसिसला जोडलेल्या मुख्य पाट्याला हात लावू नये.

पॅराबोलिक पर्याय : हे पाटे मध्यभागी जाड, टोकांकडे निमुळते असतात. संख्येने कमी आणि मधल्या लांबीत एकमेकांपासून सुटे असल्याने घर्षण फारच कमी.

शेवटी शॉक-अॅब्सॉर्बर : स्प्रिंग मऊ केली आणि शॉक-अॅब्सॉर्बर तिला जुळणारे नसले, तर गाडी झुलत राहते, वळणावर कलतेही.

नव्या थारला २०२० पासून चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आहेत.