पत्रीतल्या पानांचे ठसे आणि धाग्याच्या शिरा

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी शनिवार पेठेत आणि आसपासच्या रस्त्यांवर पत्रीचे वाटे मांडलेले दिसतात. माका, बेल, शमी, आघाडा, डाळिंब, अर्जुन, कण्हेर, रुई अशी एकवीस प्रकारची पाने त्यात असावीत, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात वाट्यात काय आहे, हे घेणाराही फारसे तपासत नाही. पूजा आटोपली की ही पाने निर्माल्यात जातात. कापडावर पानांचे ठसे घेणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र हा वाटा म्हणजे नमुन्यांचा आयता संग्रहच होय. पूजेसाठी लागतील तेवढी पाने काढून उरलेली बाजूला ठेवली, तर कोणते पान कापडावर काय मागे ठेवते, हे एका दिवसात पाहता येते.

पानांच्या ठशांची ओळख मराठी घरांत शाळेपासूनच होते. भेंडीचा काप आणि पिंपळाचे पान रंगात बुडवून चित्रकलेच्या वहीत उमटवले नाही, असे मूल विरळाच. हे तंत्र फार जुने आहे. लिओनार्दो दा विंची याच्या टिपणवहीत काजळी लावून उमटवलेले सेजचे पान आहे. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन याने अठराव्या शतकात चलनी नोटांवर पानांचे ठसे छापले. दोन पानांच्या शिरा कधीच सारख्या नसतात, म्हणून नोटांची नक्कल अवघड जावी, हा त्यामागचा विचार. आजही पानाच्या पाठीला कापडाचे रंग लावून ठसा घेणे हा सर्वांत सोपा आणि टिकाऊ प्रकार आहे. रंग वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री केली की काम झाले. पण त्यात पानाचा केवळ आकार येतो. रंग बाटलीतला असतो.

पानाने स्वतःचाच रंग द्यावा, हा प्रकार वेगळा. तो समजण्यासाठी स्वयंपाकघरातले उदाहरण पुरेसे आहे. लोखंडी विळीवर केळफूल चिरले की बोटे काळी पडतात. केळफुलातले तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, लोखंडाला भेटले की काळपट रंग तयार होतो. कापडावर पाने वाफवताना हेच घडते. ऑस्ट्रेलियातील कलावंत इंडिया फ्लिंट यांच्या २००८ मधील ‘इको कलर’ या पुस्तकाने या पद्धतीचा जगभर प्रसार केला. त्यामागचे रसायन मात्र आपल्याकडच्या रंगाऱ्यांना कित्येक शतके ठाऊक होते.

म्हणूनच पान निवडताना त्याचे रूप पाहण्यापेक्षा त्याचा तुरटपणा पाहावा. पत्रीतली डाळिंब, अर्जुन आणि बोर यांची पाने या कामाला येतात. दूर्वांचे फारसे काही उमटत नाही. पत्रीबाहेरची निलगिरी, गुलाब आणि नदीकाठी आपोआप उगवणारा एरंड हेही उपयोगी. सागाचे कोवळे पान चोळले की हात लाल होतात, हे कोकणातल्या आणि घाटावरच्या मुलांना सांगावे लागत नाही. तोच लालसर रंग कापडावरही येतो.

पत्रीतली कण्हेर, रुई आणि धोतरा मात्र या प्रयोगातून कटाक्षाने वगळावीत. ही विषारी झाडे आहेत. कण्हेरीचा कोणताही भाग पोटात गेला तर हृदयावर परिणाम होतो, रुईचा चीक डोळ्यांना घातक आहे, आणि उकळल्याने विष जाते असे समजणे धोक्याचे. ज्या पातेल्यात ठशांचे कापड वाफवले, त्यात पुन्हा अन्न शिजवू नये, हा नियम निरुपद्रवी पानांनाही लागू आहे. पुष्कळ घरांत ‘पानेच तर आहेत’ म्हणून जुना कुकर वापरला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्यातच डाळ लावली जाते. हौसेपायी असे करणे परवडणारे नाही.

कोऱ्या सुती कापडाला खळ असते. ती धुण्याच्या सोड्यात उकळून काढल्याशिवाय रंग आत शिरत नाही. रेशमाला पाने लवकर उमटतात, सुताला मात्र आधी तयार करावे लागते. त्यासाठी हिरड्याची पूड पाण्यात भिजवून त्यात कापड बुडवतात. कापडाला फिकट पिवळी झाक येते आणि टॅनिनचा थर बसतो. पेठांतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत सहज मिळणारा हिरडा पुण्याजवळच्याच जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागातही होतो. तो गोळा करणे हा तिथल्या महादेव कोळी कुटुंबांच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. २०२० च्या जूनमधील निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचे मोठे नुकसान झाले आणि त्याच्या भरपाईसाठी या कुटुंबांना आंदोलन करावे लागले. चमचाभर पुडीच्या मागे एवढे सारे असते.

हिरड्यानंतर तुरटी, १०० ग्रॅम कापडाला सुमारे १५ ग्रॅम. मग पाने हिराकशीच्या अगदी पातळ पाण्यातून काढून, शिरा उठावदार असलेली बाजू कापडाला टेकेल अशी मांडावीत. १०० ग्रॅम कापडाला दोन ग्रॅम हिराकस पुरते. ठसा गडद यावा म्हणून तिचे प्रमाण वाढवण्याचा मोह होतो, पण जास्तीचे लोखंड काही वर्षांत धागा कुजवते. आजीच्या जुन्या नऊवारीवर प्रयोग करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. मांडणी झाली की कापड काठीभोवती घट्ट गुंडाळून दोऱ्याने करकचून बांधावे आणि दीड-दोन तास वाफवावे. गुंडाळी लगेच उलगडू नये, रात्रभर निवू द्यावी. उलगडल्यावर काही पाने स्पष्ट दिसतात, काहींची अर्धीच कड उमटते, आणि एखाद्याचा नुसता डाग राहतो.

भरतकामाचा विचार इथे सुरू होतो, आणि बहुतेक ठसे बिघडतातही इथेच. सर्व पाने हिरव्या धाग्याने भरीव भरून काढली, तर ठसा घेण्याचे कारणच उरत नाही. त्यापेक्षा पेन्सिलीने पान काढून भरलेले काय वाईट? धागा जाईल तो ठसा जिथे अपुरा राहिला तिथे. पिंपळाच्या पानाचे लांब टोक अनेकदा उमटत नाही, ते देठाच्या टाक्याने पुढे न्यावे. मधली शीर दोन पदरांत, बाजूच्या शिरा एकाच पदराच्या हातटिपेने. कड अर्धवट आली असेल तर उरलेली कड साध्या धावदोऱ्याने सुचवावी, गोधडीला घालतात तसा, मोकळा आणि किंचित वाकडा. किडीने खाल्लेली पाने टाकून देऊ नयेत. त्यांच्या भोकांभोवती गाठीचे टाके घातले की तेच पान साऱ्या कापडात उठून दिसते. धाग्याचा रंग ठशातूनच घ्यावा. राखाडी, गंजासारखा तांबूस, शेवाळी अशा छटा तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत धाग्याच्या लडी ठशाशेजारी धरून निवडता येतात. टाके घालण्यापूर्वी कापड रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे, नाहीतर ते पुढे आटते आणि टाके चुरगळतात.

पान कापडावर ठेवून वरून हातोडीने ठोकण्याची पद्धत झटपट, म्हणून लोकप्रिय. अवघ्या काही मिनिटांत हिरवेगार पान उमटते आणि मुले खूष होतात. या ठशाचा रंग हरितद्रव्याचा असतो, आणि हरितद्रव्य उजेडात टिकत नाही. आधी ते शेवाळी होते, मग तपकिरी, आणि धुताना आणखी फिके पडते. विकताना हे सहसा सांगितले जात नाही, हे बरे नव्हे.

जुन्या पेठांत वाडा पाडून इमारत उभी राहते, तेव्हा अंगणातला पारिजातक किंवा डाळिंब अनेकदा वाचत नाही. अशा वेळी घरातले कोणी त्याची चार पाने कापडावर उमटवून घेते. वाफवण्याइतका वेळ नसतो, म्हणून हातोडीच हाती येते. तसा ठसा घेतला असेल तर भरतकाम पुढच्या सुटीवर टाकू नये. हिरवा रंग जाणारच आहे. तो दिसतो आहे तोवर शिरा आणि कडा धाग्याने पक्क्या करून घ्याव्यात. त्यानंतर टाका कुठे घालायचा, हे दाखवायला कापडावर काही उरत नाही.